वाळूची बाजू, धक्क्याची बाजू

९ सप्टेंबर

तोफेस,

फोन करत नाही. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने भरतो आणि ते नेहमी वाईटच निघतं. मागच्या खेपेला तू नळाच्या पाण्याबद्दल बोलत होतीस आणि मी दोन दिवस तुला ताप आलाय असं धरून बसलो होतो. पत्रात बरं असतं. पत्र पुन्हा वाचता येतं.

कामाचं सांगतो. बंदरवाल्यांनी क्वार्टर रिकामं करायला सांगितलंय. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, आता नोव्हेंबरअखेर निघा म्हणतात. चूक त्यांची नाही. माझ्या क्रेनवर जो नवीन माणूस आलाय तो बायको-पोरांना घेऊन कुठल्यातरी लॉजमध्ये राहतोय.

तुझ्या ताईला समुद्राजवळ राहायचं होतं. जन्मभर आम्ही बंदरात राहिलो आणि तिला समुद्र काही दिसला नाही, कंटेनर दिसले. म्हणून आता तुझ्या गावाकडे बघतोय. दोन जागा आल्या आहेत. एक खाडीच्या तुझ्या बाजूला, धक्क्याकडे, बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दुसरी जागा पलीकडे, वाळूच्या बाजूला, त्या नव्या उंच इमारतींत. तिथे लिफ्ट आहे. भाडं सारखंच. तुझा भाचा फोटो बघून म्हणाला, "बाबा, वाळूची बाजू, डोळे मिटून." तो डोळे मिटूनच बघतो. इतका लांब राहतो की त्याला खाडीची ही बाजू काय आणि ती काय.

तू तिथे हयात काढलीस. कुठली बाजू घेऊ? भाषण नको. एक शब्द पुरे.

मुखस्तंभ

(तुझ्या ताईने आपल्याला ठेवलेली नावं आता आपणच वापरायची. हाक मारणारं तिसरं कोणी नाही.)

---

१७ सप्टेंबर

भावोजी,

एक शब्द! इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफेच्या यंत्रांवर ओरडून मी बायांना रोजचा पेपर वाचून दाखवला, संपात चादरींच्या गाठोड्यांवर उभी राहून बोलले, आणि मला तुम्ही एक शब्द देता? शिळी भाकरी तरी अख्खी देतात लोक.

ऐका. म्हणजे वाचा.

वाळूच्या बाजूला पूर्वी वाळूच होती. पालथ्या घातलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी, आणि भरतीला मागे सरायला भरपूर जागा. समुद्राला हातपाय पसरायला जागा लागते, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळत होतं. मग नकाशे घेऊन माणसं आली. मी सभेत उभी राहिले. म्हटलं, समुद्र कुणाच्या बापाचा नाही, त्याच्यापुढे भिंत घालून खिडकी-खिडकीने विकायला बसू नका. टाळ्या पडल्या. टाळ्यांऐवजी इमारती पडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उभ्या राहिल्या आणि सभा बसली.

आता तिथे काय आहे? अर्ध्या खिडक्यांत कधी दिवा लागत नाही. लोक घर घेतात, कुलूप घेतात आणि निघून जातात. घराला माणूस नाही आणि माणसाला घर नाही, हे एकाच गावात एकाच वेळी चालतं आणि कुणाला लाज वाटत नाही! खालचा रस्ता इतका स्वच्छ की चालताना आपणच केर वाटावं. दुकानात विचारा, "ताजं काय आहे?" तर पोरगी पाकिटावरची तारीख दाखवते. भांडायला माणूस नाही, भावोजी. भांडायला माणूस नाही तिथे समेट कुणाशी करणार?

आणि इकडे? पहाटे बर्फाच्या लाद्या फोडायला घेतात तेव्हा अख्खी गल्ली शिव्या देत जागी होते. घरं एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहेत, मधलं एक काढलंत तर ओळच बसेल. माझ्या खालच्या मजल्यावर जाळी विणणारी राहते. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं आणि जे माहीत नसतं ते ती विणून काढते. धक्क्यावर लाँच लागली की कोण आलं, कोण गेलं, कोण रडत गेलं, हे चहाच्या आत सगळीकडे होतं. इथे माणूस मेला तर दुपारपर्यंत कळतं. पलीकडे वास यावा लागतो.

तर तुम्ही वाळूची बाजू घ्या.

हो, बरोबर वाचलंत. कारखान्याच्या नळ्यांतून वायू गळतो, गल्लीतली तरणी पोरंही खोकतात. हिवाळ्यात भिंती घामेजतात, उशी पिळून घ्यावी लागते. तुमचा श्वास झोपेत शिटीसारखा वाजतो, हे ताईने मला सांगितलं होतं. आणि ते जिने! क्रेनच्या शिडीने तुमच्या गुडघ्यांचं काय केलंय ते मी ताई गेली तेव्हा पाहिलं. उठायच्या आधी तुम्ही खुर्चीची परवानगी घेता. पलीकडे लिफ्ट आहे, हवा कोरडी आहे, इमारतीखाली डॉक्टर बसतो. ज्या भिंतींविरुद्ध मी घसा फोडला त्यांच्याच आत जा म्हणून मी सांगते आहे. यावरून समजा की खरं सांगते आहे.

माझी काळजी नको. माझ्याकडे माणसांची रीघ असते. युनियनच्या पोरी येतात, वाचनालयातले लोक येतात. दाराला कडी लावायला फुरसत नाही.

तुमची,
तोफ

---

२ ऑक्टोबर

तोफेस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं तुझी बाजू किती जिवंत आहे ते सांगतेस आणि चौथ्या पानावर मला पलीकडे पाठवतेस. समजलं. घरात एवढी माणसं येणार, त्यात एका बहिऱ्याला कुठे बसवायचं? बोलणाऱ्यांचं अवघडतं. रागावलो नाही. तू स्पष्ट बोलतेस म्हणूनच तुला विचारलं होतं.

सामान आवरतोय. भांडी शेजाऱ्यांना दिली. तुझ्या ताईचे कपडे तुझ्या इस्पितळासारख्याच एका इस्पितळात दिले, नीट घड्या घालून. घड्या मला येत नाहीत, पण घातल्या.

एक वस्तू देववत नाही. तुमच्या आईचं शिलाई मशीन. तुझी ताई त्यावर बसायची तेव्हा मला आवाज ऐकू येत नसे, पण फरशीतून तळपायाला लागायचा. मी पेपर वाचत असलो तरी कळायचं की ती घरात आहे. आता ते भिंतीशी आहे. ते तुझं आहे. घेशील का?

अठरा तारखेला जागा बघायला येतोय. दोन्ही बघेन, म्हणजे तुझ्या भाच्याला सांगता येईल की बघितल्या. तू न्यायला येऊ नकोस. तुझी माणसं खोळंबतील.

मुखस्तंभ

---

९ ऑक्टोबर

भावोजी,

ज्याला ऐकू येत नाही तो वाचतोही तसाच, हे मला नवीन कळलं. अर्धं वाचता आणि उरलेलं अर्धं मनाने भरता! बहिऱ्याला कुठे बसवायचं असं मी कुठल्या पानावर लिहिलंय? दाखवा. ती ओळ कात्रीने कापून मला पाठवा.

तुम्ही येताय असं मी खाली सांगितलं. तेवढीच माझी चूक. जाळीवाली म्हणाली, "कोण येतंय म्हणे?"

म्हटलं, "बहिणीचे यजमान."

"बहीण तर गेली ना?"

"गेली."

"मग आता नातं कुठलं उरलं?"

मी तिला तिथल्या तिथे सोलून काढली. म्हटलं, माणूस मेला की नातं मरतं हा कायदा कुठल्या दरबारात झाला? मुडद्याबरोबर जिवंत माणसंही पुरायची का? पिकलेल्या केसांची दोन माणसं एका बाकावर बसली की लगेच ह्यांच्या जिभेला पाणी सुटतं, आणि तीच दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत एकटी कुजली की ह्या म्हणतात, काय मर्यादेने राहिली हो! थू अशा मर्यादेवर. ती आ वासून बघत राहिली. सुई हातात तशीच.

मग मी जिना चढून वर आले, खुर्चीवर बसले, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर काही मला सुचेना.

मशीन पाहिजे. अठरा तारखेला मी धक्क्यावर उभी असेन. वाळूची बाजू आधी बघा नाहीतर नंतर बघा, पण इकडे या. न्यायला येऊ नकोस म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. धक्का सार्वजनिक आहे.

तोफ

---

२५ ऑक्टोबर

तोफेस,

घर घेतलं. वाळूची बाजू, चौथा मजला. तुझ्या बाजूला येणं जमलं नाही, शेवटची लाँच लवकर सुटली. खिडकी चांगली आहे. एक डिसेंबरला सामान येईल. मशीन नंतर आणून देईन.

तब्येत सांभाळ.

मुखस्तंभ

---

२ नोव्हेंबर

भावोजी,

लाँच लवकर सुटली नाही. ती उशिरा सुटली, आणि माझ्यामुळे सुटली. त्या दिवशी मी सकाळपासून धक्क्यावर उभी होते. लाँच आली की पुढे व्हायची, माणसं उतरून गेली की मागे यायची. ऊन फिरलं तशी सावली शोधत फिरले. शेवटच्या फेरीला लाँचवाला म्हणाला, "बाई, आज कुणाची सभा आहे?" त्याच्यावर मी दिवसभराचा सगळा राग काढला. त्याने इंजिन चालू करायला हात लावला की मी पुन्हा सुरू. उतारू हसायला लागले. तेव्हा खोटं बोलायचंच असेल तर लाँचवर नको. पोट दुखत होतं म्हणा, ते मला तपासता येत नाही.

आता मी खरं सांगते. मला एकदा खरं सांगून टाकू द्या, मग तुम्ही तुमच्या चौथ्या मजल्यावर सुखाने राहा.

माझ्याकडे कुणीही येत नाही.

युनियनच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्या पोरी माझ्या निरोपसमारंभाला आल्या होत्या, रडल्याही होत्या, आणि मग त्यांनाही घरं-दारं आहेत. वाचनालय आठवड्यातले निम्मे दिवस बंद असतं आणि उरलेले निम्मे ग्रंथपाल झोपलेला असतो. पेपर मी अजून मोठ्यानेच वाचते. यंत्रांची सवय, हळू वाचता येत नाही. पलीकडच्या खोलीतला माणूस भिंतीवर थाप मारतो. तीच मला मिळणारी टाळी.

बर्फाच्या कारखान्यामागची ती खोली मी जाऊन झाडून आले होते. मालकाकडून किल्ली मागून घेतली होती. काच पुसली. जिन्याला कठडा नव्हता, तिथे वरपासून खालपर्यंत जाड दोर बांधला, तुम्हाला धरायला. तुम्ही पलीकडेच जावं असं पत्रात लिहिलं, आणि इकडे दोर बांधत बसले. हसा.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या विरुद्ध बोलले. मालकांच्या, पुढाऱ्यांच्या, नकाशेवाल्यांच्या. एकाने कधी ऐकलं नाही. एकदाच स्वतःच्या विरुद्ध बोलले, आणि तेवढं एक भाषण कुणीतरी मनावर घेतलं.

तोफ

---

१४ नोव्हेंबर

तोफेस,

हे पत्र मला सलग लिहिता आलं नाही. रोज थोडं लिहितो. एवढं मी तुझ्या ताईलाही कधी लिहिलं नाही.

लाँच उशिरा सुटली, हे मला माहीत आहे. मी पाहिलं.

दलाल मला चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. म्हणाला, "काका, आधीच सांगतो, समुद्राकडचे फ्लॅट सगळे गेले. इथून नुसती खाडी दिसते आणि पलीकडची जुनी वस्ती. म्हणूनच भाडं कमी आहे." त्याने खिडकी उघडली. मी वाकून बघितलं आणि मला एकदम क्रेनच्या केबिनमध्ये बसल्यासारखं झालं. तेवढीच उंची, तेवढंच अंतर. आणि समोर धक्क्यावर एक बाई लाँचवाल्याला झापत होती.

चेहरा दिसत नव्हता. हातांवरून ओळखलं. उजवा हात वर, बोट आभाळात, आणि मग तो हात असा खाली यायचा की मधे टेबल असतं तर दुभंगलं असतं. मला शब्द न् शब्द कळला. तुझी ताई गेल्यापासून कुणाचं बोलणं मला पूर्ण कळलं असं ते पहिलंच. दलाल मागून काहीतरी सांगत होता. नंतर कळलं, तो पंख्याची बटणं दाखवत होता.

तू विचारशील, मग उतरून का आला नाहीत? निघालो होतो. लिफ्टचं बटण दाबलं होतं. लिफ्ट वर येईपर्यंत वाटलं, समोर जाऊन काय होणार? तू बोलशील, मी मान हलवीन. तू विचारशील काय कळलं, मी म्हणेन सगळं. दोघांनाही ठाऊक असेल की काही कळलेलं नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि बंद झालं. मी पुन्हा खिडकीत गेलो. लाँच सुटली, तू घरी गेलीस, मी तुझ्यामागे नजर लावून होतो. निळ्या पत्र्याची गॅलरी, पत्रा एका बाजूने वाकलेला. तिथे येऊन तू चपला झटकल्यास.

एका खोलीत मला माणूस कळत नाही. हे वाईट असेल, पण तसं आहे. बंदरात क्रेनखाली उभा राहून मला खुणा करणारा एक माणूस होता. कँटीनमध्ये आमचं कधी जमलं नाही. दोन वाक्यं झाली की दोघंही घड्याळाकडे बघायचो. पण वर चढलो की त्याच्या एका बोटावर मी माणसांच्या डोक्यांवरून लोखंड नेत असे. एवढा विश्वास जमिनीवर मी कुणावर टाकला नाही.

तुझ्या ताईने त्या खुणा शिकून घेतल्या होत्या. माझ्याशी ओरडून तिचा घसा बसायचा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून गोल फिरवलं की उतरव. एका हाताने खूण करायची आणि दुसरा तळवा त्याच्यावर स्थिर धरायचा, म्हणजे तेच, पण हळू. हात आडवा झाडला की थांब. पंगतीत मी जास्त वाढून घेतलं की ती लांबून हात आडवा झाडायची. शेवटी इस्पितळात तिचा आवाज गेला तेव्हा त्या वॉर्डात आम्हीच दोघं असे होतो की ज्यांचं बोलणं अडलं नाही. ती नर्सला "हळू" म्हणायची. नर्सला वाटायचं, आजी आशीर्वाद देतात.

अजून एक खूण आहे. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत गुंफून धरायचे. म्हणजे सगळं आहे तिथे धरून ठेव. माल हवेत लटकतोय, लटकू दे. काही हलवू नकोस, मी इथेच आहे. शेवटच्या दुपारी तिने मला तीच खूण केली. तू खिडकीशी उभी होतीस. तुला वाटलं असेल तिला थंडी वाजते, कारण तू पुढे येऊन तिच्यावर चादर घातलीस. चांगली घातलीस. मी मात्र तेव्हापासून धरून बसलोय. हुकावर ओझं तसंच आहे आणि कुठे उतरवू ते सांगायला खाली कुणी नाही.

तुझ्या गल्लीत आलो असतो तर मला समोरची भिंत दिसली असती आणि तुला माझा खोकला ऐकू आला असता. म्हणून ही खिडकी घेतली.

एक डिसेंबरपासून सकाळी चहाच्या वेळी उभा राहीन. खुणा वर लिहिल्या आहेत, पाठ कर. आलीस तर ये. नाही आलीस तर समजेन, रीघ आहे.

जाळीवालीला सांग, नातं कुठलं उरलं ते मलाही ठाऊक नाही. शोधतोय.

मुखस्तंभ

---

११ जानेवारी

भावोजी,

डिसेंबरभर पत्र लिहिलं नाही, कारण रोज सकाळी भेट होत होती. आता लिहिते, कारण चार दिवस झाले खाडीवर धुकं बसलंय आणि पलीकडचं काही दिसत नाही. लाँचही बंद आहे. हे पत्र धुकं उठल्यावरच निघेल, म्हणजे तुम्ही दिसायला लागल्यावर. तरी लिहिते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या दिवशी मी घाबरून "उचल" केलं तेव्हा तुम्ही चहाचा कप वर केलात. मला वाटलं, बरं जमलं. पुन्हा "उचल" केलं तर तुम्ही आत जाऊन खुर्चीच उचलून आणलीत! मी इतक्या मोठ्याने हसले की भिंतीवर थाप पडली. जाळीवाली खालून म्हणाली, "बाई, माश्या हाकलताय की काय?"

म्हटलं, "क्रेन चालवतेय."

"वेड लागलंय."

"लागू दे. तुझ्या जाळ्यात तर नाही ना अडकत?"

आता तीही वर बघून विचारते, "आज काय म्हणतात तुमचे क्रेनवाले?" नातं कुठलं ते विचारायचं तिने सोडून दिलंय. तुम्हाला एक नाव मिळालं आणि तिचं समाधान झालं.

पण त्या रविवारचं बोलू या. तुम्ही मशीन घेऊन आलात. हमालाने ते वर आणलं आणि त्याच्यामागून तुम्ही माझा जिना चढलात, दोर धरून. तोच दोर. त्या दुसऱ्या जिन्यावरचा सोडून इथे आणून बांधला होता. तुम्ही खुर्चीवर बसलात, मी पलंगावर. चहा निवला. मी खाडीवर व्हायच्या पुलाच्या कंत्राटाबद्दल बोलले, पुष्कळ बोलले. तुम्ही मान हलवलीत. मी विचारलं, "काय कळलं?" तुम्ही म्हणालात, "सगळं." आणि आपण दोघंही मशीनकडे बघत बसलो, जसं काही ते आता बोलेल.

लाँच सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची इतकी लाज वाटली, भावोजी! मग थोड्या वेळाने तुम्ही तिकडे खिडकीत आलात आणि हात वर केलात. मला रडू आलं ते तेव्हा. एवढ्या अंतरावर डोळे दिसत नाहीत, ही तुमच्या खिडकीबद्दल मला झालेली पहिली खुशी.

मी खोटं बोलून गोड करणार नाही. मला हे पुरत नाही. तुम्हाला हात पुरतात, मला आवाज लागतो. कुणीतरी मधेच "खोटं आहे ते!" म्हणून ओरडावं लागतं, खुर्ची सरकावी लागते, नाहीतर आपण जिवंत आहोत असं मला वाटत नाही. तुमचं एकटेपण गप्प बसून बरं होतं, माझं गप्प बसून वाढतं. हे तुमच्या डॉक्टरला सांगा, औषध असलं तर लाँचने पाठवा. पण वाळूची बाजू घ्या म्हणून सांगितलं ते मागे घेत नाही. धुक्याच्या आदल्या दिवशी तुम्ही खिडकीशी वाकलात आणि सरळ झालात तेव्हा खुर्चीला हात लावला नाहीत. मी बघितलं. तुम्हाला वाटतं, लांबून एकटे तुम्हीच बघता?

मशीनवर रोज बसते. शिवायला काही नाही, जुन्या चादरींना टिपा घालते. नुसती पाय चालवते म्हणा. जाळीवाली म्हणते, छत हादरतं. तुमच्यापर्यंत काही पोचत नसणार, मधे पाणी आहे.

आणि हे धुकं. पहिल्या सकाळी गॅलरीत आले आणि समोर बघितलं, तर वाळूची बाजू नाहीच. एक इमारत नाही, एक खिडकी नाही. मी तरणी होते तेव्हा होती तशी ती बाजू, मोकळी, पांढरी, पार क्षितिजापर्यंत. ह्यासाठी मी गाठोड्यांवर चढून घसा फोडला होता. माझं म्हणणं शेवटी कुणीतरी ऐकलं! आणि मी कठड्याला धरून उभी होते, की ह्या भिंती परत दिसू देत. सगळ्या नको, एक दिसू दे, चौथ्या मजल्यापर्यंत दिसली तरी पुरे.

खाली धक्क्यावर लाँचवाला बांधलेल्या लाँचमध्ये बसून होता. त्याला मी दिसत होते. ओरडला, "बाई, पलीकडचं काही दिसतंय का वरून?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आत जा की. गारठा आहे."

गेले नाही. त्याच्याशी वादही घातला नाही, आणि त्याने घाबरून दोनदा वर बघितलं.

रोज चहाच्या वेळी मी बाहेर येते. तुम्ही तिकडे उभे असता की नसता, मला माहीत नाही. पुढच्या पत्रात ते कळवू नका. उभे नव्हतात असं कळलं तर मी बोलायला लागेन आणि मग थांबायची नाही. उभे होतात असं कळलं तर काय करीन ते मला ठाऊक नाही. ऐकू जाणार नाही म्हणून मी हाक मारत नाही आणि दिसणार नाही म्हणून खुणा करत नाही.

तेवढी एकच करते. दोन्ही हात पोटाशी गुंफून धरते आणि समोरच्या पांढऱ्यात बघत राहते. चहा गार होतो, बोटं गार होतात. हात सोडवत नाहीत.

तुमची,
तोफ